गावाच्या पुढील वीस वर्षांचा आराखडा गावाने मिळून कसा ठरवावा?

माळवाट :

नमस्कार. आमचे गाव अहिल्यानगर आणि बीड जिल्ह्यांच्या सीमेवरील अवर्षणप्रवण पट्ट्यात आहे. लोकसंख्या सहा हजारांच्या आसपास आणि शिवार सुमारे दोन हजार हेक्टर आहे. मूळ गावठाणाखेरीज चार वाड्या आणि एक तांडा ग्रामपंचायतीत येतात. आठवडी बाजार मोठा भरत असल्यामुळे आजूबाजूच्या दहा-बारा खेड्यांची उलाढाल आमच्याकडे होते, त्यामुळे गावाला धड खेडे म्हणता येत नाही आणि शहर तर नाहीच.

महामार्गाचे रुंदीकरण झाल्यापासून रस्त्यालगतच्या जमिनींचे प्लॉट पडू लागले आहेत. मंगल कार्यालये, ढाबे, गोदामे झपाट्याने उभी राहत आहेत. दुसरीकडे पलीकडच्या भागात कारखान्याची ऊसनोंद वाढत चालल्याने बोअरची खोली दरवर्षी वाढते आणि मार्च उजाडला की वाड्यांवर टँकर सुरू होतात. गाव वाढते आहे याचा आनंद सर्वांनाच आहे. पण ही वाढ कोठवर पेलवेल, याचा हिशेब कोणाकडेच नाही.

‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमांतर्गत ग्रामपंचायत दरवर्षी विकास आराखडा तयार करते. मी मागील काही वर्षांचे आराखडे मिळवून वाचले. काँक्रीटचे रस्ते, हायमास्ट दिवे, सभामंडप, स्मशानभूमीचे सुशोभीकरण अशी ती कामांची यादी आहे. गाव वीस वर्षांनी कसे असावे याविषयी त्यात एक ओळही नाही. गावातील काही शिक्षक, तरुण शेतकरी आणि बाहेरगावी नोकरी करणारी मंडळी यांच्या मनात आहे की, सर्वांनी बसून एक दीर्घकालीन आराखडा करावा. एका संस्थेने ‘व्हिजन डॉक्युमेंट’ करून देण्याची तयारीही दाखवली आहे, मात्र त्यांचा नमुना पाहिला तर गावाचे नाव बदलून तो कोणत्याही गावाला लागू पडेल असा आहे.

माझे प्रश्न असे : सुरुवात कोठून करावी? लोकांना केवळ ‘तुम्हाला काय हवे’ असे विचारले तर पुन्हा रस्ते आणि दिवेच येतील, मग विचारायचे काय? आणि सरपंच बदलला तरी आराखडा टिकावा यासाठी काय करता येते?

---

शिवारफेरी :

पाणलोट विकासाच्या कामानिमित्त बरीच वर्षे गावोगाव बैठका घेतल्या आहेत, त्या आधारावर लिहितो.

तुमचा दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तेथूनच आरंभ करतो. ‘तुम्हाला काय हवे’ असे विचारले की गाव मागणीदार होते आणि सरकार देणारे होते. मग ज्याचा आवाज मोठा त्याच्या गल्लीतील रस्ता यादीत वर जातो. त्याऐवजी गावाला त्याच्याच शिवाराचा हिशेब दाखवावा आणि विचारावे, ‘एवढेच आहे, तर ते कशासाठी वापरायचे आणि कोणी किती हात आवरायचा?’ या प्रश्नाचे उत्तर देताना गाव खऱ्या अर्थाने भविष्याचा विचार करू लागते, कारण त्यात काहीतरी सोडावे लागते. काहीच सोडावे लागत नाही तो आराखडा म्हणजे मागण्यांची यादीच, तिला नाव काहीही द्या.

अवर्षणप्रवण भागात हा हिशेब पाण्याचाच असतो. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून ढोबळ मांडणी करून पाहू. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. तुमच्याकडे सरासरी ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर दोन हजार हेक्टरांवर वर्षाला एक हजार कोटी लिटर पाणी पडते. यातील बराच भाग बाष्पीभवनाने उडतो, पिके व गवत वापरतात, काही वाहून जातो; आपल्या काळ्या कातळात मुरणारे पाणी साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे विहिरी आणि बोअर यांच्या वाट्याला सुमारे शंभर कोटी लिटर आले. आता पिण्याचे पाणी पाहा. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरले तर सहा हजार लोकांना वर्षाला बारा कोटी लिटर लागतात. एकूण पडणाऱ्या पावसाच्या तुलनेत हे दीड टक्कासुद्धा नाही, आणि तरीही वाड्यांवर टँकर येतो.

उरलेले पाणी कोठे जाते? पाटाने पाणी दिलेला ऊस वर्षाला हेक्टरी दोन कोटी लिटरच्या घरात पाणी घेतो. पावसाचा हातभार वजा केला तरी दीड कोटी लिटर जमिनीखालून उपसावेच लागते. साठ हेक्टर, म्हणजे दीडशे एकर ऊस असेल तर नव्वद कोटी लिटर तिकडे गेले. शिवाराच्या तीन टक्के क्षेत्रावरील एक पीक आणि गावाचे पिण्याचे पाणी एवढ्यातच भूजल संपले. जनावरे, कांदा, फळबागा, ढाबे, मंगल कार्यालये यांचा हिशेब अजून केलेलाच नाही. ठिबकमुळे उसाचा आकडा बराच खाली येईल, तलाव किंवा बंधारे असतील तर जमेची बाजू वाढेल, म्हणून हे आकडे तुमच्या गावाला तसेच्या तसे लावू नका. पण ही मांडणी मंदिराच्या ओट्यावर खडूने करून पाहा. बैठकीचा रंग बदलतो, असा माझा अनुभव आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे उदाहरण सर्वांना माहीत असते, पण त्यातील नेमकी गोष्ट सांगताना बहुतेक जण चुकतात. तेथे बंधारे आणि चर खोदले गेले, झाडे लावली गेली, हे खरेच. तशी कामे शेकडो गावांत झाली आणि त्यांतील कित्येक गावे आज पुन्हा टँकरवर आहेत. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर हिवरे बाजारने जे निराळे केले ते पाण्याच्या मागणीच्या बाजूने, म्हणजे वापर आवरून केले. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत, ऊस आणि केळी यांसारखी पाणीखाऊ पिके घ्यायची नाहीत, मोकाट चराई आणि वृक्षतोड बंद, जमीन बाहेरच्या माणसाला विकायची नाही, असे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले. पुढे पावसाळा संपला की त्या वर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवून रब्बीत काय आणि किती पेरायचे हे ठरवण्याची पद्धत बसवली. आधी पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, मग शेतीचे, आणि कमी पावसाच्या वर्षी शेतीवर कात्री. हे सारे अवघ्या चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस असलेल्या गावाने केले, आणि पुढे कामाच्या शोधात बाहेर पडलेली कित्येक कुटुंबे परत आली.

म्हणून माझी सूचना अशी की, वीस वर्षांच्या चित्राआधी एका वर्षाचा पाण्याचा ताळेबंद करा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडून मदत मिळते. अटल भूजल योजनेत राज्यातील तेरा जिल्ह्यांतील निवडक गावांनी असे ताळेबंद केले आहेत. तुमच्या शेजारी असे एखादे गाव असेल तर तेथील माणसे बोलवा. संस्थेच्या नमुन्याविषयी तुमची शंका रास्त आहे. आराखडा संस्थेने लिहिला तर तो संस्थेचा राहतो. त्यांच्याकडून नकाशे आणि मोजमाप घ्या, मजकूर गावाने लिहावा.

---

दप्तरदार :

मी ग्रामपंचायत अधिकारी म्हणून काम करतो, त्यामुळे कागदाची बाजू सांगतो. ती रुक्ष आहे, पण आराखडा टिकण्याचा प्रश्न शेवटी कागदावरच येतो.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २४३-छ द्वारे पंचायतींना आर्थिक विकास आणि सामाजिक न्यायाचे आराखडे करण्याचा अधिकार दिला आणि अकराव्या अनुसूचीत २९ विषय नमूद केले. अधिकार इतका विस्तृत असताना यादी रस्ते आणि दिव्यांवर का येऊन थांबते, याचे मोठे कारण पैशाच्या स्वरूपात आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात मिळणाऱ्या अनुदानापैकी साठ टक्के निधी बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच होता. उरलेल्या चाळीस टक्क्यांत जे दिसते आणि मार्चअखेर खर्ची पडते तेच घेतले जाते. पाण्याचा ताळेबंद, विहिरींचे पुनर्भरण, सांडपाण्याचा पुनर्वापर ही कामे बंधित निधीत बसू शकतात, तरी ती फारशी सुचवली जात नाहीत, कारण ग्रामसभेत ती मागणारा कोणी नसतो. तुमच्या गटाने येथेच जोर लावावा.

आराखडा टिकवण्याविषयी सांगायचे तर कोणताही ठराव पुढील ग्रामसभा बदलू शकते, हे आधी मान्य करावे लागेल. २०२२ पासून सरपंच पुन्हा थेट लोकांमधून निवडला जातो, त्यामुळे सरपंच एका विचाराचा आणि सदस्यमंडळ दुसऱ्या, असेही घडते. अशा वेळी दीर्घकालीन आराखडा स्वतंत्र पुस्तिका म्हणून ठेवला तर तो कपाटात जातो. तो ग्रामसभेच्या इतिवृत्तात ठरावाने समाविष्ट करावा, आणि दरवर्षीच्या विकास आराखड्यातील प्रत्येक काम दीर्घकालीन आराखड्याच्या कोणत्या कलमाशी जोडलेले आहे, हे लिहिण्याची प्रथा पाडावी. वार्षिक आराखडा ई-ग्रामस्वराज प्रणालीवर चढवावाच लागतो. त्याला लटकवलेला दीर्घकालीन आराखडा दरवर्षी निदान एकदा तरी उघडला जातो.

प्लॉटिंगबाबत मात्र मर्यादा लक्षात घ्या. गावठाणाबाहेरील अकृषिक वापर आणि रेखांकन (प्लॉट पाडणे) यांचे निर्णय महसूल आणि नगररचना यंत्रणेकडे असतात, ग्रामपंचायतीला ते अडवता येत नाहीत. बाहेरच्यांना जमीन विकू नये हा हिवरे बाजारचा निर्णय लोकांच्या एकमतावर उभा आहे. एखाद्याने महामार्गालगतची जमीन विकायचे ठरवलेच तर असा ठराव त्याला कायद्याने रोखू शकत नाही. ग्रामपंचायतीच्या हातात पाणी, सांडपाणी, कचरा आणि कर या गोष्टी आहेत. नव्या मंगल कार्यालयाला नळजोडणी कोणत्या अटींवर, वाणिज्यिक पाणीपट्टी किती, सांडपाणी ओढ्यात सोडता येणार की नाही, हे गाव ठरवू शकते. त्यातून येणारे स्वतःचे उत्पन्न कोणत्याही आयोगाच्या अटींनी बांधलेले नसते. घरपट्टी आणि पाणीपट्टीची वसुली चांगली असलेल्या गावालाच स्वतःच्या मनाप्रमाणे नियोजन करता येते, हे अनेकांना कटू वाटेल, परंतु तसे आहे.

---

ओवी_तांड्यावरची :

वरील दोन्ही दादांचे लेखन उपयुक्त आहे. तरीही या साऱ्या चर्चेत ‘गाव’ म्हणजे कोण, हे गृहीत धरलेले दिसते.

मी बचत गटांच्या ग्रामसंघाचे काम पाहते. आमच्या भागातील तांड्यांवरची आणि वाड्यांवरची कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेने सुरू होते आणि जानेवारीत संपते. म्हणजे गावातील सर्वांत गरीब माणूस गावात नसतो नेमक्या त्याच महिन्यांत गावाचे भवितव्य लिहिले जाते. यात कोणाचा कट आहे असे मला म्हणायचे नाही, पण परिणाम तोच होतो. माळवाट सरांनी वाड्यांच्या आणि तांड्याच्या बैठका पोळ्याच्या आधी घ्याव्यात, आणि मे महिन्यात, लोक परत आल्यावर, एकदा पडताळणीची बैठक घ्यावी.

दुसरे असे की, निर्बंध सर्वांवर सारखे पडत नाहीत. उसावर मर्यादा घातली तर तोटा विहीरवाल्याचा. पण चराईबंदी घातली तर तोटा शेळ्या पाळणाऱ्या भूमिहीन बाईचा. हिवरे बाजारात चराई बंद करताना डोक्यावरून गवत कापून नेण्याची मुभा ठेवली होती, ही बाब सांगायची राहून जाते. गाईम्हशींना कापलेले गवत घालून भागते, शेळीला फिरून पाला खायचा असतो, त्यामुळे शेळ्यांचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. पाण्याचा ताळेबंद मांडाल तेव्हा त्यात आणखी एक रकाना असावा : जमीन नसलेल्या कुटुंबाचा साठलेल्या पाण्यात वाटा कोणता? सामायिक तळ्यातील मासेमारी, परसबाग, गायरानावरील चारा अशा रूपाने तो देता येतो. आमच्या घरातील माणसे दुसऱ्यांच्या शिवारात ऊस तोडतात, तेव्हा गावात ऊस लावू नका असे त्यांना सांगण्यापूर्वी गावातच काम काय मिळणार, हे सांगावे लागेल.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरवरच होते, सह्या घरोघरी फिरून घेतल्या जातात. बचत गटांनी केलेला दारिद्र्य निर्मूलनाचा आराखडा ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घेण्याची तरतूदही आहे. तो मागून घ्या, त्यात प्रत्येक वस्तीची बारीक माहिती आयती मिळेल. आणि बैठकीची वेळ सकाळी दहाची ठेवू नका. त्या वेळी बाया खुरपायला गेलेल्या असतात.

---

काठावरचा :

थोडा विरोधी सूर लावतो. हिवरे बाजार हजार-बाराशे वस्तीचे गाव आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा), ज्याने २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, ते तर चार-पाचशे लोकांचे आणि जवळजवळ एकाच समाजाचे गाव. सहा हजारांच्या बाजारपेठेच्या गावात भावकी, पक्ष, कारखान्याचे गट, व्यापारी, सगळेच असते. तेथे एकमत होईल अशी अपेक्षा ठेवून निघालात तर पहिल्याच ग्रामसभेत खुर्च्या उडतील. ग्रामसभेच्या गणपूर्तीला (कोरमला) मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी कमी असेल तेवढी माणसे पुरतात; म्हणजे तुमच्या गावात शंभर माणसे सहा हजारांचे भविष्य ठरवू शकतात, आणि तीही न जमल्यास तहकूब सभेला तेवढीही लागत नाहीत.

मात्र मेंढ्याकडून एक गोष्ट मोठ्या गावालाही घेता येईल. तेथे अभ्यास गट आणि ग्रामसभा वेगवेगळ्या आहेत. अभ्यास गटात कोणीही यावे, हवे तितके बोलावे, बाहेरच्या जाणकारालाही बोलवावे; निर्णय मात्र तेथे घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. चर्चेच्या जागी हार-जीत नसली की माणूस मोकळा बोलतो. तुम्ही प्रत्येक वाडीत असा एक अभ्यास गट सुरू करा. सगळ्या गावाचे एक चित्र निघालेच पाहिजे, असा आग्रह नको. पाच वस्त्यांची पाच चित्रे निघाली आणि त्यांतील दोन-तीन गोष्टी जुळल्या, तरी ग्रामसभेपुढे ठेवायला तेवढे पुष्कळ आहे.

---

माळवाट :

सर्वांचे मनापासून आभार. वाडीनिहाय अभ्यास गट, पोळ्यापूर्वी तांड्यावर बैठक आणि त्यानंतर पाण्याचा ताळेबंद, असा क्रम आमच्या गटाला पटला आहे. संस्थेकडून केवळ नकाशे घ्यायचे, हेही ठरले. ओवीताईंनी सांगितलेल्या स्थलांतराच्या महिन्यांचा विचार आमच्यापैकी एकानेही केलेला नव्हता.

एक अडचण मात्र राहते. हिवरे बाजारने बोअरबंदी केली तेव्हा बोअरचे प्रमाण आजच्याइतके नव्हते. आमच्याकडे लोकांनी कर्जे काढून बोअर घेतले आहेत. ‘आता बंद करा’ म्हणालो तर पहिला विरोध आमच्याच गटातील दोघांकडून होईल. शिवारफेरी सर, अशा ठिकाणी काय मागावे?

---

शिवारफेरी :

असलेले बोअर बंद करण्याची मागणी करूच नका. ती मान्य होणार नाही, आणि ज्याने कर्ज फेडायचे आहे त्याच्यावर ती अन्यायाचीही आहे. मागणी तीन गोष्टींपुरती ठेवा.

पहिली, नव्या खोल बोअरना विराम. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये साठ मीटरहून खोल विहिरींवर निर्बंधाची तरतूद आहे. तिची अंमलबजावणी किती होते ते आपण जाणतोच. पण गावातील माणसाशी बोलताना हा काही आमच्या मनचा नियम नाही, एवढे सांगता येते.

दुसरी गोष्ट मोजणीची. प्रत्येक वस्तीत दोन-तीन विहिरी निरीक्षणासाठी ठरवा आणि भूजल यंत्रणा घेते त्याच चार महिन्यांत, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे मध्ये, पाण्याची पातळी मोजून चावडीच्या फळ्यावर लिहा. शाळेतील आठवी-नववीची मुले हे काम उत्तम करतात. बोअरवाल्याला कोणाचे भाषण पटणार नाही, पण स्वतःच्या विहिरीची पातळी खाली गेलेली फळ्यावर दिसली की तो स्वतःच विचारू लागतो.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. टंचाईच्या काळात तहसीलदार खासगी विहिरी आणि बोअर अधिग्रहित करतात, त्याचा मोबदलाही मिळतो, पण हे सारे एप्रिल-मेमध्ये घाईगर्दीत होते आणि तोवर चांगल्या बोअरचे पाणीही उसाला गेलेले असते. त्याऐवजी ऑक्टोबरच्या मोजणीनंतर, पातळी ठरावीक खुणेच्या खाली असेल तर, प्रत्येक वस्तीजवळचे कोणते बोअर पिण्यासाठी राखून ठेवायचे आणि त्यांच्या मालकांनी उन्हाळी पीक न घेतल्याबद्दल ग्रामनिधीतून किंवा वर्गणीतून काय द्यायचे, याचा करार आधीच करा. तुमच्या गटातील त्या दोघांचे बोअर या यादीत पहिले असतील तर बाकीच्यांशी बोलणे पुष्कळ सोपे जाईल. मोबदल्याची रक्कम काढताना एक एकर उन्हाळी पिकाचे निव्वळ उत्पन्न धरा. त्या वस्तीला मिळालेल्या टँकरच्या फेऱ्यांचा खर्च पंचायत समितीकडून मागून घेऊन त्याच्याशेजारी लिहा आणि दोन्ही आकडे वाडीच्या बैठकीत एकत्र वाचून दाखवा.